डबीच्या पाठीवरची यादी



वाचन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुस्तक किंवा वर्तमानपत्र उभे राहते. परंतु नित्याच्या व्यवहारात असाही मजकूर असतो, की जो सर्वांसाठी छापला जातो आणि वाचतो मात्र एखादाच. औषधाच्या बाटलीवरचा, बियाण्याच्या पिशवीवरचा आणि सौंदर्यप्रसाधनाच्या डबीमागचा बारीक अक्षरांतील मजकूर याच वर्गात मोडतो. यांपैकी शेवटचा मजकूर कसा वाचावा, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत, आणि उदाहरणादाखल दक्षिण कोरियाची प्रसाधने घेणार आहोत.

याचे कारण उघड आहे. मडगाव-बेळगावपासून इंदूर-बडोद्यापर्यंत ही प्रसाधने आता दुकानांत दिसतात, आणि मोबाइलवर त्यांची चित्रे पाहून आमच्या वर्गांतील मुली, आणि मुलगेही, घरी हट्ट धरतात. एका लहानशा बाटलीस कित्येकदा घरचा आठवड्याचा भाजीबाजार होईल इतके पैसे पडतात. शिवाय ती वस्तू लावावयाची असते आपल्याच चेहऱ्यावर. तेव्हा ती घेण्यापूर्वी आंतरजालावर तिचा शोध घेणे योग्यच होय. परंतु शोध घेण्यासही एक शिस्त लागते.

यादी आली कोठून?

प्रसाधनात वापरलेली सर्व घटकद्रव्ये वेष्टनावर छापलीच पाहिजेत, असा नियम कोरियात २००८ सालच्या ऑक्टोबरपासून लागू झाला. तरीही नियम झाला म्हणजे लोक वाचू लागतात असे नाही. कोरियातील सामान्य माणसास ही सवय लागण्यामागे एक दुःखद घटना आहे.

तेथील हिवाळा कडक. घरे तापवून ठेवावी लागतात व त्यामुळे खोलीतील हवा कोरडी होते. म्हणून हवेत पाण्याची बारीक वाफ सोडणारी यंत्रे घरोघरी असतात. या यंत्रातील पाणी स्वच्छ राहावे म्हणून त्यात घालावयाची जंतुनाशके बाजारात मिळत. २०११ साली असे उघडकीस आले, की या जंतुनाशकांची वाफ श्वासावाटे आत जाऊन फुप्फुसांना असाध्य इजा होत होती. बळी पडलेल्यांत गर्भवती स्त्रिया व लहान मुले होती. शेकडो माणसे प्राणांस मुकली. घरातील माणसांच्या काळजीपोटी आणलेली वस्तूच घातक ठरली होती. तेव्हापासून 'यात काय आहे?' हा प्रश्न कोरियन गृहिणीच्या तोंडी आला. २०१३ साली तेथे 'ह्वाहे' नावाचे मोबाइलवरील साधन निघाले. कोणत्याही प्रसाधनाची घटकद्रव्ये त्यात पाहता येतात, आणि ते अल्पावधीत लोकप्रिय झाले.

या प्रकरणातील दोन जंतुनाशक द्रव्यांचे मिश्रण कोरियात प्रसाधनांतही वापरले जाते. परंतु केवळ धुऊन टाकावयाच्या वस्तूंत, आणि तेही ०.००१५ टक्क्यांच्या मर्यादेत. द्रव्य चांगले की वाईट हे त्याच्या नावावरून ठरत नाही. ते किती आहे, कोठे लावले जाते आणि किती वेळ राहते, यांवर ते ठरते. हे सूत्र पक्के लक्षात ठेवावे. पुढील सर्व विवेचन त्यावरच आधारलेले आहे.

नावांची ओळख

यादीतील नावे प्रथमदर्शनी भयंकर वाटतात. परंतु ती एका आंतरराष्ट्रीय परिभाषेतील आहेत. वनस्पतींची नावे तीत लॅटिनमध्ये असतात, आणि ही सोय किती मोलाची आहे हे आपल्याच परसातील उदाहरणावरून कळेल.

कोरियन प्रसाधनांत 'सेंटेला एशियाटिका' हे नाव वारंवार आढळते. ही वनस्पती परकी नाही. विहिरीच्या काठी, माडाच्या आळ्यात, पाणथळ जागी पसरणारी, वाटोळ्या पानांची ही वेल कोकणीत एकपानी, कन्नडमध्ये ओंदेलग आणि संस्कृतात मंडूकपर्णी म्हणून प्रसिद्ध आहे. मराठीत तिला पुष्कळजण ब्राह्मी म्हणतात. परंतु 'बॅकोपा मोनिएरी' या अगदी निराळ्या वनस्पतीसही ब्राह्मीच म्हटले जाते. देशी नावात येथे घोटाळा होतो. लॅटिन नावात होत नाही. कोरियात जखमेवर लावावयाचे एक मलम याच सेंटेलापासून १९७० च्या दशकापासून प्रचारात आहे, आणि आजच्या प्रसाधनांतील तिची कीर्ती पुष्कळशी त्यावरूनच आलेली आहे.

दुसरे उदाहरण दवण्याचे. देवाला वाहतो तो आपला दवणा म्हणजे 'आर्टेमिसिया पॅलेन्स'. कोरियन डबीवर 'आर्टेमिसिया प्रिन्सेप्स' असे नाव दिसेल. पहिला शब्द एकच, कारण कुळी एक. दुसरा शब्द वेगळा, कारण जाती दोन. आडनाव एक असले म्हणून दोन माणसांचा स्वभाव एक नसतो. तद्वतच दवण्याचे गुण त्या कोरियन वनस्पतीस चिकटवू नयेत, आणि तिचे दवण्यास चिकटवू नयेत.

क्रमाचे गणित

घटकद्रव्ये प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावीत असा नियम आहे. जे सर्वांत अधिक, ते प्रथम. मात्र ज्यांचे प्रमाण एक टक्का किंवा त्याहून कमी आहे, ती द्रव्ये शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिण्याची मुभा आहे. या दोन वाक्यांतून तर्काने बरेच काढता येते.

समजा, एका डबीवर पुढील यादी आहे : पाणी, ग्लिसरीन, ब्युटिलीन ग्लायकॉल, नियासिनामाइड, फिनॉक्सिइथेनॉल, सेंटेला एशियाटिकाचा अर्क, अ‍ॅडेनोसिन, सुगंध. डबीच्या दर्शनी बाजूस मात्र सेंटेलाचे हिरवेगार पान रंगवलेले आहे. फिनॉक्सिइथेनॉल हे टिकाऊपणासाठी घातले जाते व कोरियात ते एक टक्क्याहून अधिक घालता येत नाही. म्हणजे त्याच्यानंतर लिहिलेले प्रत्येक द्रव्य एक टक्का किंवा त्याहून कमी असले पाहिजे. चित्रात दिसणारे पान डबीत फार तर शंभरात एक भाग आहे, एवढे आपण कोणास न विचारता सिद्ध केले.

पण येथे घाईने निकाल देऊ नये. याच यादीच्या शेवटी अ‍ॅडेनोसिन आहे. सुरकुत्यांवरील द्रव्य म्हणून कोरियन शासनाने त्याचे ठरविलेले प्रमाण ०.०४ टक्के, म्हणजे दहा हजारांत चार भाग, एवढेच आहे. नियासिनामाइडचे, जे 'ब' जीवनसत्त्वाच्या गटातील द्रव्य आहे, तसे प्रमाण २ ते ५ टक्के आहे. म्हणजे काही द्रव्ये अल्प प्रमाणातही काम करतात. भाजीत मीठ थोडेच असते, म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही.

उलट दिशेनेही फसगत होते. 'सत्तर टक्के अर्क' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. पण अर्क किती दाट आहे? मूठभर पाने हंडाभर पाण्यात उकळली तरी तो अर्कच, आणि वाटीभर पाण्यात उकळली तरी तो अर्कच. यादी त्यांतील भेद सांगत नाही.

यादी जे सांगत नाही

यादीच्या मर्यादा समजावून देणारी एक घटना २०२० सालच्या डिसेंबरात घडली. 'प्युरिटो' या कोरियन कंपनीच्या एका उन्हापासून रक्षण करणाऱ्या मलमावर संरक्षणाचा आकडा पन्नासहून अधिक छापलेला होता. 'इन्कीडिकोडर' या घटकद्रव्ये समजावून देणाऱ्या संकेतस्थळाच्या चालकांस यादी पाहून शंका आली. त्यांनी ते मलम युरोपातील प्रयोगशाळांत तपासून घेतले, तेव्हा आकडा एकोणीसच्या आसपास निघाला. कंपनीने त्याची विक्री थांबविली. यादीने शंका उत्पन्न केली, निर्णय मात्र प्रयोगाने दिला. हाच शास्त्राचा क्रम होय.

शोध कोठे घ्यावा?

प्रथम कंपनीच्या संकेतस्थळावरील यादी आणि हाती असलेल्या खोक्यावरील यादी ताडून पाहावी. कृती बदलली की यादीही बदलते. म्हणून खोके लगेच टाकून देऊ नये. मग एकेका नावाचा शोध घ्यावा. युरोपीय आयोगाची 'कॉसिंग' नावाची सूची सर्वांस खुली आहे. कोणते द्रव्य कशासाठी वापरतात आणि त्यावर कोणते निर्बंध आहेत, हे तीत मिळते. परंतु सूचीत नाव असणे म्हणजे सुरक्षिततेचा दाखला नव्हे. जे संकेतस्थळ माहिती देता देता तीच वस्तू विकते, त्याचे बोलणे विक्रेत्याचे बोलणे समजून ऐकावे. तसेच द्रव्याचे प्रमाण न पाहता केवळ नावावरून त्यास लाल खूण देणाऱ्यांच्या भीतीसही बळी पडू नये.

आपल्या देशापुरती आणखी एक गोष्ट पाहावी. २०२० च्या प्रसाधन नियमांनुसार आयात मालाच्या वेष्टनावर नोंदणी क्रमांक आणि येथील नोंदणीधारकाचे नाव-पत्ता असावा लागतो. तो नसेल तर छापलेली यादीही विश्वासास पात्र ठरत नाही. त्वचा उजळण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या काही बेनामी मलमांत पारा सापडलेला आहे, आणि पारा मूत्रपिंडास घातक आहे. असा पारा घालणारा त्याचे नाव यादीत कधीच छापीत नाही.

एवढे करूनही नवी वस्तू एकदम चेहऱ्यावर लावू नये. कोपराच्या आतील बाजूस थोडी लावून काही दिवस वाट पाहावी. आग, खाज वा पुरळ उठल्यास ती सोडावी, आणि त्रास न थांबल्यास त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे जावे.

शेवटी, विद्यार्थिनींनो आणि विद्यार्थ्यांनो, एक गोष्ट कोणत्याही यादीत सापडावयाची नाही. वर्ण हा रोग नव्हे. त्यावर औषध शोधण्याचे कारण नाही. त्वचा स्वच्छ ठेवावी, उन्हापासून जपावी, दुखणे असल्यास उपचार करावा. एवढ्यास जे साहाय्य करील ते घ्यावे, मग ते कोरियाचे असो वा आपल्या गावचे. जो डबीची मागची बाजू वाचावयास शिकला, त्यास पुढच्या बाजूची भुरळ सहसा पडत नाही.

स्वाध्याय

१. घरातील कोणत्याही एका साबणाच्या वा तेलाच्या वेष्टनावरील यादी वहीत उतरवून घ्या. तीतील वनस्पतींची लॅटिन नावे ओळखून त्यांची मराठी व कोकणी नावे लिहा.

२. त्याच वेष्टनाच्या दर्शनी भागावर कशाचे चित्र आहे? यादीत त्याचा क्रमांक कितवा? यावरून काय सिद्ध होते व काय सिद्ध होत नाही, हे चार ओळींत लिहा.

३. 'नैसर्गिक ते सर्व निर्धोक' या विधानाविरुद्ध आपल्या परिसरातील वनस्पतींची दोन उदाहरणे द्या. ती घरातील वडीलधाऱ्यांस विचारून लिहावीत.