पहिला कॅमेरा घेताना

कुडाळ

चि. मनाली हिस,


पैसे साठलेत, आता कोणता डीएसएलआर घेऊ, असं विचारलंयस. फोटो कसले काढायचे हे तू आधी ठरवलंस, याचाच मला जास्त आनंद झाला. जत्रेतला दशावतार टिपायचा म्हणजे खरा प्रश्न उजेडाचा. रात्री उशिरा सुरू होणारं नाटक, देवळाच्या आवारातला मांडव, वर मोजके दिवे आणि युद्धाच्या वेळी गर्रकन फिरणारी पात्रं. म्हणून माझं ठाम मत आहे: बॉडी साधी घे, पैसे लेन्सला राख.

कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ ची किट लेन्स ५५ वर नेलीस की तिचं अ‍ॅपर्चर एफ ५.६ च्या पलीकडे उघडत नाही. ५० एमएम, एफ १.८ ही छोटीशी लेन्स तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. तलवार फिरवणारा हात धूसर येऊ नये म्हणून शटर १/२५० तरी हवं. एफ १.८ वर हे आयएसओ १६०० मध्ये जमत असेल, तर ५.६ वर तोच फोटो आयएसओ १५,००० च्या पुढे जाईल. मग चेहऱ्यावरची रंगरंगोटी नुसती दाणेदार होते, आणि दशावतारात तर सगळी मजा त्या चेहऱ्यांचीच. फ्लॅश मात्र मुळीच वापरू नकोस. समोर बसलेल्यांचा रसभंग होतो आणि गाणं म्हणणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर झोत मारणं मला पटत नाही.

साध्या बॉडीच्या कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान असतो, त्यामुळे कॅननवर ५० ची लेन्स ८० सारखं जवळचं चित्र देते. पुढे बसलीस तर पात्र कमरेपासून वर छान भरेल. पण रंगपटात, आपापल्या पेट्या उघडून नट तोंड रंगवत बसलेले असतात तिथे, मागे सरकायला जागाच नसते. तिथे १८-५५ कामाची, म्हणून किट लेन्स राहू दे. ७०-३०० ची दुसरी लेन्स मिळतेय म्हणून मोठा सेट घेऊ नकोस. तिचंही अ‍ॅपर्चर लहानच.

आता बॉडीचं. कॅनन १५००डी आणि २००डी मार्क टू, दोन्हींचा सेन्सर २४ मेगापिक्सेलचा. परवडलं तर २००डी घे, तिचा स्क्रीन वळतो, खाली मांडी घालून बसल्यावर ते सोयीचं. निकॉन डी५६०० ही उत्तम आहे, पण तिच्या बॉडीत फोकसची मोटर नाही. लेन्सवर ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ लिहिलेलं बघूनच घे. जुनी ‘एएफ-डी’ स्वस्त मिळाली तर फोकस हाताने फिरवत बसावं लागेल, आणि नाचणारं पात्र तुझ्यासाठी थांबणार नाही.

आता मिररलेसचा जमाना आहे, हे तुझं म्हणणं खरंच. पण त्यामुळेच चांगले डीएसएलआर सेकंडहँड बाजारात परवडू लागलेत. शिवाय कॅननची ईएफ लेन्स उद्या अ‍ॅडॅप्टर लावून त्यांच्या मिररलेसवर चालते, तेव्हा लेन्सचे पैसे बुडत नाहीत. मुंबईत फोर्टमध्ये बोरा बाजारला चक्कर मार. जुनी लेन्स असेल तर अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून मोबाईलचा टॉर्च मार आणि पुढून बघ. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. दुकानदार कितीही कमी करू दे, ती घेऊ नकोस. बॉडीचा शटर काउंट विचार. या वर्गातली शटरं साधारण एक लाख फोटोंच्या हिशेबाने बनवलेली असतात.

आपल्या कोकणात पावसाळ्यात कॅमेरा कपाटात बॅगेत ठेवायचा नाही. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेल. निळे खडे गुलाबी झाले की बदल किंवा तापवून सुकव.

अजून एक. दशावतारातल्या संकासुराचा काळा वेष समोर आला की कॅमेऱ्याचा मीटर फसतो. काळ्याला राखाडी करायला जातो आणि उजळ रंग पांढरेफटक पडतात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे एकवर ने. हे आत्ताच घरी काळं घोंगडं टांगून, एका बल्बच्या उजेडात करून बघ. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमाराला जत्रा सुरू होतील, त्याआधी बटणं न बघता सापडायला हवीत. दुकानात उभी राहून शंका आली तर तिथूनच फोन कर, मी दिवसभर स्टुडिओत असतो. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा