पोथीचे शोधन आणि रूढीचे शोधन



श्रावण लागला की आमच्या वऱ्हाडात गावोगाव ज्ञानेश्वरीचे सप्ताह बसतात. कपाशीत डवरे फिरत असतात, निंदण चालू असते, तरी पहाटेच्या काकड्याला माणूस येतोच. दारव्हा तालुक्यातील एका गावी अशा सप्ताहाला काही वर्षांपूर्वी आम्ही होतो. पहिल्याच दिवशी तेथे एक लहानसा वाद झाला. चाळीस-पन्नास माणसे एका सुरात वाचीत असता एका ओवीवर सूर फुटला. एका तरुणाच्या हाती वेगळी छापील प्रत होती, तिच्यात त्या ओवीचे दोन शब्द निराळे होते. वाचन संपल्यावर त्याने विचारले, "यातली खरी कोणती जी?" एक वृद्ध माळकरी म्हणाले, "आमच्या गुरूनं दिली ते खरी. पोथीत इचारनं नसते." तरुण म्हणाला, "मंग देवानं डोकं कायले देल्लं?"

दोघेही आपापल्या जागी घट्ट बसले. हा वाद दोन शब्दांचा दिसतो, पण तो फार जुना आहे. परंपरेने आलेले आप्तवाक्य मानावे की आपल्या बुद्धीला पटेल तेच मानावे, हा प्रश्न सर्व दर्शनांनी हाताळला आहे. आपल्या संप्रदायाचे यावर म्हणणे काय, हे या लेखात पाहू.

वाद पाठभेदाचा होता, म्हणून प्रथम नाथांकडेच जावे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये झाली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे ती हातांनी उतरवली गेली. उतरवणारा कोणी झोपाळू, कोणी घाईचा, कोणी फारच शहाणा. एखादा शब्द जुना वाटला की बदलला, एखादे ठिकाण अपुरे वाटले की पदरची ओवी घातली. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, निरनिराळ्या प्रती समोर घेऊन ग्रंथ शुद्ध केला. ग्रंथ मुळात अतिशुद्धच होता, पाठांतराने तो बिघडला, असे त्यांनी शेवटी सांगितले. आणि यापुढे जो कोणी यात आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे, असा कडक इशाराही दिला.

यात दोन गोष्टी आहेत आणि त्या दोन्ही घेतल्या पाहिजेत. नाथांनी "परंपरेने आले ते सारे खरे" असे म्हटले नाही. तसे म्हटले असते तर पोथीला हात लावण्याचे कारणच नव्हते. परंपरेत चूक शिरते, हे त्यांनी मान्य केले. ती चूक शोधायला बुद्धी लावावी लागते, हेही. पण ती बुद्धी कोणाच्या सेवेत होती? नाथांचे स्वतःचे सांगणे कमी नव्हते. भागवताच्या एकादश स्कंधावरची त्यांची टीका १५७३ साली काशीत पूर्ण झाली होती. स्वतःचे सांगायचे ते त्यांनी स्वतःच्या नावावर, वेगळ्या ग्रंथात सांगितले. माउलींच्या तोंडी आपला शब्द घातला नाही. शोधक आणि शिरजोर यांत फरक आहे तो इतकाच, पण इतक्यात सारे आले.

येथे एक आडबाजूची गोष्ट सांगून टाकू. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीची एक प्रत प्रसिद्ध केली. बीडजवळच्या पाटांगण येथील पोथीवरून ती केलेली होती आणि ती नाथपूर्वकालीन आहे असे त्यांचे मत होते. अभ्यासक ती मोलाची मानतात. फडांवर मात्र पारायण नाथांच्या परंपरेतील प्रतीचेच होते. याला कोणी हट्ट म्हणतात, आम्हांला तसे वाटत नाही. सभेने एकमुखाने वाचायचा पाठ सभेचा असतो, तो रोज बदलता येत नाही. पण म्हणून घरी राजवाडे प्रत उघडून पाहणाऱ्या पोराला नास्तिक ठरवणे हा निव्वळ आडमुठेपणा झाला.

आता माउलींकडे वळू. अमृतानुभवाच्या तिसऱ्या प्रकरणात ते शिवसूत्रांचा आधार देतात, गीतेतील भगवंताच्या वचनाचा देतात. आणि लगेच सांगतात की शिवाने किंवा कृष्णाने म्हटले म्हणून, त्या लोभाने, आम्ही हे मानतो असे नाही. त्यांनी म्हटले नसते तरीही हे असेच राहिले असते. वाचकहो, हे बोलणारा कोणी पाखंडी नव्हे. ज्या ज्ञानराजाने निवृत्तिनाथांचे पाय क्षणभर सोडले नाहीत तो हे बोलतो आहे. गुरुवचनाचा आधार आहे, पण सत्य सत्य आहे म्हणून गुरु ते बोलले. ते बोलले म्हणून सत्य झाले नाही.

गीतेतही असेच आहे. सोळाव्याच्या शेवटी भगवान कार्य-अकार्य ठरवायला शास्त्र हे प्रमाण सांगतात. आपली माणसे तेथेच थांबतात. अठराव्यात सारे सांगून झाल्यावर तेच भगवान अर्जुनाला म्हणतात की याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेस येईल तसे कर. उपनिषदांनी क्रम घालून दिला तो श्रवण, मनन आणि निदिध्यासन असा. आमच्याकडे श्रवण पुष्कळ आहे, सात दिवस कान तृप्त होतात. मननाची जागा मात्र आम्ही भोजनाच्या पंगतीला दिली आहे! उलट, नुसत्या तर्काला थारा नसतो हेही वेदान्तात सांगितले आहे. एकाचा तर्क दुसरा अधिक हुशार माणूस मोडतो. म्हणून मनन श्रवणानंतर येते, श्रवणाच्या जागी नव्हे.

याचे उदाहरण आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातच आहे. प्रज्ञाचक्षु गुलाबराव महाराज १८८१ मध्ये जन्मले, तान्हेपणीच दृष्टी गेली, १९१५ मध्ये देह ठेवला. चौतीस वर्षांच्या आयुष्यात या पुरुषाने इतरांकडून ग्रंथ वाचवून घेतले, त्यांत डार्विन-स्पेन्सरसारख्या पाश्चात्यांची मतेही होती, आणि त्यांना युक्तीनेच उत्तरे दिली. स्वतःला ते ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत. लेकीची माया आणि तार्किकाची धार एका ठिकाणी नांदू शकते, हे यावरून दिसते.

इथवर ग्रंथाचे झाले. पण पाठभेद केवळ पोथीत होत नाही, आचारातही होतो. त्याच सप्ताहात पाचव्या दिवशी तेराव्या अध्यायाचे वाचन चालू असताना एक बाई धावत मंडपात आली. तिच्या चौदा वर्षांच्या मुलाला धुऱ्यावर गवत कापताना साप चावला होता आणि घरची माणसे त्याला पलीकडच्या तांड्यावर मंत्र टाकणाऱ्याकडे न्यायला निघाली होती. व्यासपीठावरच्या बुवांनी पोथीत तुळशीचे पान घातले आणि ते उठले. मागून कोणी म्हणाले, "बुवा, अध्याय अर्धाच ठेवता का जी? पारायन खंडित होते." बुवा म्हणाले, "माउली थांबते. इख थांबत नाही." मुलाला जीपमध्ये घालून ते स्वतः यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले.

बुवा इतके खंबीर कसे, हे आम्हांला रात्री कळले. त्याच गावातली एक बाई चार वर्षांपूर्वी अशीच मंत्रात गेली होती. तिच्या घरी बुवा त्या वेळी हजर होते, आणि जुनी रीत आहे म्हणून गप्प बसले होते. हे सांगताना त्यांनी आमच्याकडे पाहिले नाही.

मंत्राने गुण येतो, असे लोक शपथेवर सांगतात, आणि ते खोटे बोलत नसतात. पुष्कळ साप बिनविषारी असतात, विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. अशी माणसे मंत्रावाचूनही उठली असती. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांचे विष खरोखर अंगात गेले तर त्यावर घोड्याच्या रक्तापासून केलेली प्रतिविषाची लस हाच उपाय आहे. वाटेने उघड्यावर निजणाऱ्या वारकऱ्यांनी मण्यारीचे तर ध्यानातच ठेवावे. ती रात्री चावते, दंश पुष्कळदा दुखतही नाही आणि पहाटे माणसाच्या पापण्या मिटू लागतात.

आम्ही विचारतो, सापावर मंत्र टाकावा हे कोणत्या संतांनी सांगितले? अंगारे, गंडेदोरे, अंगात येणे यांवर तुकोबांनी किती कोरडे ओढले आहेत! मग ही रीत वारकऱ्याच्या घरात आली कशी? कोणा उतरवणाऱ्याने घातलेल्या पदरच्या ओवीसारखी. ती जुनी आहे, पण आपल्या मूळ प्रतीत नाही.

२०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आठवा. त्याच्या विरोधात आपल्यातले पुष्कळ जण उभे होते. वारी आणि कीर्तन गुन्हा ठरेल ही भीती होती आणि ती मनापासूनची होती. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, त्यानंतर वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा मंजूर झाला. त्यात यात्रा, प्रदक्षिणा, हरिकीर्तन, प्रवचन, भजन यांना कायदा लागू नाही असे स्पष्ट लिहिले आहे. आणि साप, विंचू वा कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरवला आहे. आमचे मत विचाराल तर, ही दुसरी गोष्ट सरकारने लिहिण्याआधी आपल्या फडांनी ठरवायला हवी होती. ते शोधन आपले होते.

मुलाला घोणस चावली होती. दवाखान्यात नऊ दिवस राहून तो घरी आला, पायाचे दोन बोट जागेवर जखम राहिली. बुवा दुसऱ्या दिवशी दुपारी परतले, स्नान केले, आणि तुळशीचे पान होते त्या ओवीपासून वाचन पुढे सुरू झाले. तो तरुण आणि ते वृद्ध माळकरी त्या दिवशी शेजारी बसले होते. तरुणाने सभेचा पाठ म्हटला. संध्याकाळी वृद्धांनी चष्मा लावून त्याची प्रत मागून घेतली आणि दोन्ही ओव्या बोट ठेवून ताडून पाहिल्या. कोणती खरी ते काही ठरले नाही.

गेल्या श्रावणात आम्ही पुन्हा त्या गावी गेलो होतो. मंडपाच्या पहिल्या खांबाला सप्ताहाचा कार्यक्रम डकवलेला होता, काकडा किती वाजता, पारायण किती वाजता, हरिपाठ, कीर्तन. त्याच्याखाली मोठ्या अक्षरांत रुग्णवाहिकेचा क्रमांक लिहिला होता, १०८. जपमाळेचे मणीही तितकेच, तेव्हा माळकऱ्याला तो विसरण्याची सोय नाही. अक्षर त्या वृद्ध माळकऱ्यांचे होते.