दोन मैदानांचा खेळाडू

११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत दहा अडथळे ओलांडावे लागतात. प्रत्येक अडथळा १०६.७ सेंटीमीटर उंच, म्हणजे प्रौढ माणसाच्या कमरेपर्यंत येणारा. दोन अडथळ्यांमध्ये अंतर ९.१४ मीटर. तेवढ्यात तीन पावले टाकून पुन्हा झेप घ्यायची. एक पाऊल चुकले, तर साऱ्या शर्यतीची लय बिघडते. ही शर्यत तेरा सेकंदांच्या आत पूर्ण करणारे पहिले धावपटू म्हणजे अमेरिकेचे रेनाल्डो नेहेमाया.

त्यांचा जन्म १९५९ साली न्यू जर्सी राज्यातील नेवार्क येथे झाला. मेरिलँड विद्यापीठात शिकत असताना, १९७९ मध्ये, सुमारे तीन आठवड्यांच्या अंतराने त्यांनी दोन विश्वविक्रम केले : १३.१६ आणि १३.०० सेकंद. पुढच्याच वर्षी मॉस्को ऑलिंपिक होते. परंतु सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरल्याच्या निषेधार्थ अमेरिकेने त्यावर बहिष्कार टाकला. ऐन भरातील हा धावपटू घरीच राहिला. १९ ऑगस्ट १९८१ रोजी झुरिच येथे त्यांनी १२.९३ सेकंदांची वेळ नोंदवली.

१९८२ साली ते सॅन फ्रान्सिस्कोच्या 'फोर्टीनाइनर्स' या व्यावसायिक फुटबॉल संघात दाखल झाले. हा आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. यात चेंडू लंबगोल असतो, तो हातात धरून पळता येते आणि अडवणारे खेळाडू सरळ अंगावर धडकतात. विद्यापीठात नेहेमाया हा खेळ खेळले नव्हते. प्रशिक्षक बिल वॉल्श यांना हवा होता तो त्यांचा वेग. दूरवर फेकलेला चेंडू धावत जाऊन झेलणे हे त्यांचे काम. तीन हंगामांत त्यांनी ४३ झेल घेतले. जानेवारी १९८५ मध्ये संघाने 'सुपर बोल' हा अजिंक्यपदाचा सामना जिंकला.

या करारासाठी त्यांना मोठी किंमत मोजावी लागली. अॅथलेटिक्स त्या काळी हौशी खेळाडूंसाठीच राखलेले होते. नेहेमाया यांनी पैसे घेतले ते फुटबॉलचे, शर्यतीचे नव्हेत. तरीही त्यांच्यावर धावण्याची बंदी आली. १९८४ चे ऑलिंपिक लॉस एंजेलिसला, म्हणजे त्यांचा संघ ज्या कॅलिफोर्निया राज्यात होता तेथेच भरले. तेथे रॉजर किंग्डम यांनी १३.२० सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. निरनिराळ्या दिवशीच्या वेळांची तुलना करणे तितकेसे न्याय्य नसते. पण विद्यार्थिदशेतील नेहेमाया याहून वेगाने धावले होते.

१९८६ मध्ये बंदी उठली आणि ते पुन्हा धावू लागले. ऑलिंपिकमध्ये धावण्याचा योग मात्र कधीच आला नाही. त्यांचा विक्रम आठ वर्षे टिकला. ऑगस्ट १९८९ मध्ये झुरिच येथेच तो एक शतांश सेकंदाने मोडला गेला, आणि मोडणारे होते रॉजर किंग्डम.