सामूहिक लेखन आणि बदलांची नोंद

एकच संहिता अनेकांच्या हातून गेली की तिच्यात पाठभेद शिरतात, हे आपण जाणता. पैठणच्या संत एकनाथांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये प्रती ताडून ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. त्यांनी कोणते पाठ वगळले, याची नोंद मात्र आज उपलब्ध नाही.

विद्यार्थ्यांच्या कोडिंग क्लबचे संकेतस्थळ हीदेखील सामूहिक संहिताच होय. तेथे अशी नोंद 'गिट' ही प्रणाली ठेवते. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी ती २००५ मध्ये निर्माण केली. सहभागी विद्यार्थी संहितेची स्वतंत्र शाखा काढतो, तीत दुरुस्ती करतो, तिचे कारण लिहितो आणि ती मूळ संहितेत घेण्याची विनंती करतो. इतर सभासद ती तपासून स्वीकारतात किंवा परत पाठवतात. जुना पाठही जतन होतो.

या कामाला केवळ संगणकाचे ज्ञान पुरत नाही. उदा., २०२३ मध्ये औरंगाबाद शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. शहराची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर संगणक एका आज्ञेसरशी सर्वत्र नवे नाव घालील. परंतु त्याबरोबर जुन्या ग्रंथांची शीर्षके आणि पत्रांतील उतारेही बदलतील व ते खोटे ठरतील. पत्त्यातील नाव बदलावे, अवतरणातील राखावे, हा विवेक भाषेच्या अभ्यासकाकडे असतो. म्हणून मराठीच्या विद्यार्थ्याने अशा प्रकल्पापासून दूर राहण्याचे कारण नाही.

स्वाध्याय : आपल्या गावाची माहिती देणारा एक परिच्छेद निवडा. त्यात तीन दुरुस्त्या सुचवा आणि प्रत्येकीचे कारण एका वाक्यात नोंदवा.