हसणं टाइप करू नका, हसा

“पोरगा रात्री एक वाजता लॅपटॉपसमोर एकटाच हासत बसते जी. त्याले काही झालं तं नाही ना?”

ब्रह्मपुरी, मूल, वडसा भागातल्या आया माझ्या दवाखान्यात अशी शंका काढतात तेव्हा मी उलट एकच प्रश्न विचारतो : आवाज काढून हसतो का? उत्तर ‘हो’ असेल तर घाबरायचं कारण नाही. मुलगा पुण्याच्या किंवा हैदराबादच्या कंपनीचं काम घरून करतो आहे आणि टीममधलं कुणीतरी भन्नाट काही बोललं आहे, एवढाच त्याचा अर्थ. ‘नाही जी, तोंड गप, नुसती बोटं चालतात’ असं उत्तर आलं, तर आजचा सल्ला आईने त्या मुलाच्या हातात द्यावा.

प्रोग्रामरच्या कामाचा ताण बाहेरून दिसत नाही. धान कापणाऱ्याचा घाम दिसतो, कोळसा खाणीतून पाळी संपवून आलेल्याचा थकवा दिसतो. हा मात्र खुर्चीत बसलेला असतो, त्यामुळे घरच्यांना वाटतं आरामाचं काम आहे. प्रत्यक्षात मशीन दिवसभर त्याच्या चुका काढत असतं. एक चिन्ह निसटलं की सगळं ठप्प होतं आणि ते सापडेपर्यंत जेवतानाही डोक्यातून जात नाही. त्यात परदेशातल्या ग्राहकाच्या घड्याळाप्रमाणे रात्रीच्या मीटिंगा. मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात वीज गेली की कूलर आणि राउटर एकदमच मान टाकतात.

ताण आला की शरीर ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल सोडतं. नाडी वाढते, स्नायू आवळतात, श्वास उथळ होतो. ताडोब्याच्या बफरमधल्या गावात वाघ समोर आला तर ही तयारी जीव वाचवते. पण वाघ काही मिनिटांत निघून जातो. प्रोग्रामर चुकीला ‘बग’, म्हणजे किडा, म्हणतात; तो मात्र तीन-तीन दिवस मुक्काम ठोकतो. शरीर तोवर आवळलेलंच राहतं. मान-पाठ दुखणं, ॲसिडिटी, चिडचिड, झोप उडणं या तक्रारींचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

प्रोग्रामर मंडळींनी या ताणावर विनोदाचा उतारा फार पूर्वीच शोधला आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क-२ या संगणकात अडकलेला पतंग तंत्रज्ञांनी नोंदवहीत चिकटवला आणि ‘खराखुरा किडा सापडला’ अशा अर्थाची मिश्कील नोंद केली. १ एप्रिल १९९० रोजी तर इंटरनेटचा डेटा कबुतरांच्या पायाला बांधून पाठवण्याचे नियम गंभीर चेहऱ्याने प्रसिद्ध झाले. २००१ मध्ये नॉर्वेतल्या बर्गेन शहरातल्या हौशी मंडळींनी ते खरंच करून पाहिलं. नऊ संदेश पाठवले, चारांची उत्तरं आली, आणि सर्वांत जलद उत्तराला सुमारे ५३ मिनिटं लागली. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. तिथल्या माणसाला या विनोदातली गंमत समजावून सांगावी लागणार नाही.

हे चाळे वेळेचा अपव्यय नाहीत. ज्या चुकीने काल रडवलं तिच्यावर आज चौघांनी मिळून हसलं की ‘हे माझ्या एकट्याच्याच बाबतीत होतं’ ही भावना गळून पडते. ताणाचा बराचसा भार या एकटेपणाचाच असतो.

आता शरीराकडे वळू. खदखदून हसताना छाती-पोटामधला पडदा जोरात हलतो, श्वास झटक्याझटक्याने बाहेर पडतो, नाडी थोडी चढते आणि हसून झाल्यावर उतरते, आवळलेले स्नायू सैल होतात. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं की मोकळं हसून झाल्यावर माणसाची वेदना सोसण्याची ताकद वाढते. २०१७ मध्ये फिनलंडमधल्या तुर्कू इथल्या संशोधकांनी मित्रांसोबत हसलेल्या १२ पुरुषांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं, तेव्हा मेंदूत नैसर्गिक वेदनाशामक द्रव्यं सुटलेली आढळली. अभ्यास छोटा होता, पण डनबार यांच्या निष्कर्षाशी जुळणारा होता. आणि रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या निरीक्षणानुसार माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे ३० पट चारचौघांत हसतो.

म्हणूनच माझा आग्रह आवाजाचा आहे. ग्रुपवर ‘हाहाहा’ लिहिलं, हसून डोळ्यांत पाणी आलेला पिवळा चेहरा पाठवला, तेव्हा तुमचं तोंड बहुधा मिटलेलं असतं. मित्राला बरं वाटतं, तुम्हालाही जरा बरं वाटतं, पण पडदा हलत नाही आणि श्वास मोकळा होत नाही. लिहिलेल्या विनोदाने नातं टिकतं. शरीराला लागणारं हसू मात्र आवाजातूनच मिळतं.

आपल्या झाडीपट्टीला हे शिकवायची गरज नाही. धान घरात आलं की दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटकं रंगतात आणि वडसा, म्हणजे देसाईगंज, त्या मंडळ्यांचं माहेर. रात्री उशिरा पडदा उघडतो, उजाडेपर्यंत गाव दाटीवाटीने बसून हसतं आणि रडतं. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या कुरखेडा तालुक्यातल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. सुटीत गावी आलेल्या प्रोग्रामरने एक रात्र तिथे बसावं. टीममधल्या बाहेरगावच्या मित्रांनाही घेऊन यावं. भाषा अर्धी कळली तरी हशा पूर्ण कळतो. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळची मीटिंग ठेवू नका.

मात्र प्रत्येक विनोद औषध नसतो. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन यांनी २००३ मध्ये विनोदाचे चार प्रकार मांडले : माणसं जोडणारा, स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला बोचणारा आणि स्वतःला कमी लेखणारा. पहिले दोन मनाला बळ देतात, शेवटचे दोन पोखरतात. “सर्व्हर झोपला काय बे?” हा पहिला प्रकार. नवख्या मुलीने लिहिलेल्या कोडचा फोटो ग्रुपवर टाकून खिदळणं हा तिसरा. “मी तर बिनकामाचाच आहे” असं रोज हसत-हसत म्हणणं हा चौथा, आणि डॉक्टर म्हणून मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते.

त्याचं कारण सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामातून येणाऱ्या ‘बर्नआउट’ची तीन लक्षणं सांगितली : शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून नीट काम होत नाही असं वाटणं. ‘बिनकामाचा’ या थट्टेत तिसरं लक्षण डोकावतं, आणि कडवटपणाही आधी विनोदातच उतरतो. थट्टेतली मजा जाते, टोमणा तेवढा राहतो. मग तो टोमणाही थांबतो. ग्रुपमधला सर्वांत मोठा विनोदवीर आठवडाभर गप्प असेल तर ‘कामात असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

ताणावर खर्रा हा उपाय मानणाऱ्यांसाठी दोन शब्द. मित्राने घोटलेला खर्रा दाढेत धरला की डोकं चालतं, असं वाटतं. खरं म्हणजे निकोटिन नाडी आणि रक्तदाब वाढवतं; मागच्या खर्ऱ्याचा असर उतरल्याने आलेली तलफ भागते, त्यालाच आपण आराम समजतो. सुपारी-तंबाखूने तोंड उघडणं कमी होत जातं आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. मोकळं हसायला तोंड उघडावं लागतं, एवढं ध्यानात ठेवा.

आता आचरणात आणायच्या गोष्टी :

१. आठवड्यातून एकदा टीमने १५ मिनिटं कॅमेरा किंवा निदान माईक चालू ठेवून कामाशिवायच्या गप्पा माराव्यात. अजेंडा नको, साहेबही नकोत.

२. थट्टा चुकीची करा, चूक करणाऱ्याची नको. सर्व्हर पडलेला असताना आधी तो उभा करा, मग हसा.

३. रात्री ११ नंतर ग्रुप म्यूट करा. झोप मोडून केलेली करमणूक दुसऱ्या दिवशी ताण वाढवते.

४. जवळपास राहणाऱ्या दोघा-चौघांनी संध्याकाळी चहाला भेटा. चंद्रपूरच्या रामाळा तलावाकाठी चक्कर मारत मारलेल्या गप्पांची बरोबरी व्हिडिओ कॉल करू शकत नाही.

५. हास्यक्लबमध्ये जायला हरकत नाही. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईच्या एका बागेत पाच जणांना घेऊन ते सुरू केले. हर्निया असेल, पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल किंवा दमा आटोक्यात नसेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. जोराच्या हसण्याने दमा उसळू शकतो.

६. कामाचे तास मोजा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. हे तास विनोदाने कमी होत नाहीत. त्यासाठी मॅनेजरशीच बोलावं लागतं.

आणि हसण्यावर न थांबता डॉक्टरकडे कधी यायचं? दोन आठवडे किंवा जास्त काळ मन उदास असेल, आवडीच्या गोष्टी नकोशा वाटत असतील, झोप किंवा भूक बिघडली असेल, दारू-खर्रा वाढला असेल, तर या. छातीत दुखणं किंवा दम लागणं हे ‘टेन्शनमुळे’ असेल असं स्वतःच ठरवू नका, लगेच दवाखाना गाठा. कुणी थट्टेतही पुन्हापुन्हा मरणाचं बोलत असेल तर त्याला बाजूला घेऊन सरळ विचारा, “जीव द्यायचे विचार येतात का?” विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत मिळवून द्या. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्याची सेवा मिळते.

बाकी सगळ्यांसाठी आजचं प्रिस्क्रिप्शन एका ओळीचं आहे : पुढच्या चांगल्या विनोदाला ‘हाहाहा’ लिहायला बोट गेलं, की त्याच बोटाने विनोद पाठवणाऱ्याला फोन लावा.