छायाचित्राखालची ओळ
(द्वितीय वर्ष, कला)

छायाचित्र म्हणजे कॅमेऱ्यासमोर जे होते ते जसेच्या तसे, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. चित्रकाराजवळ कल्पना असते, छायाचित्रकाराजवळ नुसते यंत्र, असेही म्हटले जाते. परंतु छायाचित्रांचे प्रदर्शन भरते तेव्हा विषय कोणता घेतला, छायाचित्र रंगीत की कृष्णधवल, केवढे मोठे, कशाशेजारी लावले, खाली काय लिहिले आणि मुळात ते लावले कोठे, या सगळ्यांतून एक विचार बोलू लागतो. प्रस्तुत लेखात दोन प्रदर्शनांच्या आधारे हे पाहावयाचे आहे. दोहोंतही कष्टकरी माणसे आहेत; पण त्या कष्टांविषयी दोन्ही प्रदर्शने एकच गोष्ट सांगत नाहीत.

पहिले प्रदर्शन 'द फॅमिली ऑफ मॅन'. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ते १९५५ च्या जानेवारीत उघडले. ६८ देशांतील २७३ छायाचित्रकारांची ५०३ छायाचित्रे त्यात होती. आपल्या सत्यजित राय यांचेही एक होते. निवड एडवर्ड स्टायकेन यांची. ते स्वतः नामवंत छायाचित्रकार; पण येथे त्यांनी इतरांच्या चित्रांतून स्वतःचे म्हणणे मांडले. चित्रांना चौकटी नव्हत्या. काही भिंतीएवढी मोठी, तर काही छतापासून टांगलेली. फेर धरून नाचणाऱ्या मुलांची चित्रे गोलाकार सांगाड्यावर बसवली होती, म्हणजे पाहणाऱ्यालाही फेर धरावा लागे! निरनिराळ्या देशांतील कुटुंबे एकत्र टांगलेली होती. जन्म, प्रेम, श्रम, भाकरी, मरण असा क्रम. साऱ्या जगातील माणूस एकच, हे सांगण्यासाठी याहून प्रभावी मांडणी क्वचितच झाली असेल.

माध्यमाचा एक उपयोग तर विसरता न येणारा आहे. सारे प्रदर्शन कृष्णधवल. फक्त हायड्रोजन बाँबच्या स्फोटाचे प्रचंड चित्र रंगीत, आणि तेही अंधाऱ्या दालनात मागून उजेड देऊन लावलेले. तेथे एकही शब्द लिहिण्याची गरज नव्हती. या प्रदर्शनाचे पुस्तक निघाले तेव्हा मात्र हे चित्र त्यात घेतले नाही.

आता चित्रांसोबतच्या मजकुराकडे वळू. प्रत्येक छायाचित्राखाली छायाचित्रकाराचे आणि देशाचे नाव. त्याशिवाय निरनिराळ्या देशांच्या म्हणी आणि धर्मग्रंथांतील वचने. शेतात राबणाऱ्या माणसाचे नाव काय, शेत कोणाचे, दिवसाचे काय मिळते, याचा पत्ता नाही. १९५६ मध्ये हे प्रदर्शन पॅरिसला गेले तेव्हा रोलाँ बार्थ या फ्रेंच लेखकाने नेमके येथेच बोट ठेवले. जन्म-मरणासारखे कामही नैसर्गिक आहे असे दाखवले, की त्या कामाचा नफा कोण घेतो हा प्रश्न झाकला जातो, असा त्याच्या टीकेचा आशय आहे. मला ही टीका पटते. स्टायकेन यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. नुकत्याच संपलेल्या महायुद्धानंतर माणसे एक आहेत हे सांगणे लहान काम नव्हते. पण वतनदाराचे श्रम आणि त्याच्या सालगड्याचे श्रम एकाच ओळीत टांगता येतात काय?

आमच्या घरी दुकानदाराने दिलेले एक कॅलेंडर आहे. त्यावर भातलावणीचे रंगीत चित्र आहे: हिरवे खाचर, लाल-पिवळी लुगडी, वर ढग. माझी आई लावणीला मजुरीने जाते. चित्र पाहून ती एवढेच म्हणाली, "एवढ्या खाचराला पाचच बाया? काय देतो म्हणे तो?"

हाच प्रश्न विचारणारे प्रदर्शन म्हणजे पत्रकार पी. साईनाथ यांचे 'व्हिजिबल वर्क, इनव्हिजिबल विमेन'. काम दिसते, पण ते करणारी बाई दिसत नाही, असा त्याचा अर्थ. १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत काढलेली ही छायाचित्रे आहेत. ती कृष्णधवल आहेत, आणि येथे त्याला वेगळा अर्थ येतो. लुगड्याचा रंग गेला की वाकलेली पाठ उरते. एका चित्रात आंध्र प्रदेशातील विजयनगरमचा जमीनमालक आपल्या शेतात ताठ उभा आहे. त्याच शेतात ओडिशातील रायगड्याहून आलेल्या भूमिहीन बायका कमरेत वाकून काम करीत आहेत. उभी रेघ एक, वाकलेल्या अनेक. चित्राची रचनाच विषय सांगते. सोबतचा मजकूर त्यापुढे जातो. मालक म्हणाला, रोज ४० रुपये देतो. बायकांनी नंतर सांगितले, २५ मिळतात.

ज्या छायाचित्राला मजकुराचा टेकू लागतो ते दुबळे, असे कलेचे काही अभ्यासक मानतात. त्यांचे म्हणणे निसर्गचित्रापुरते मान्य करावे. परंतु हा १५ रुपयांचा फरक कोणत्या भिंगातून टिपणार? तो लिहावाच लागतो. एकीकडे म्हणीची ओळ, दुसरीकडे मजुरीचा आकडा. पहिलीने पाहणारा हळवा होतो, दुसऱ्याने तो हिशेब मांडू लागतो.

स्थळाचेही तसेच. स्टायकेन यांचे प्रदर्शन देशोदेशी फिरले आणि १९९४ पासून लक्झेंबर्गमधील क्लेर्वोच्या किल्ल्यात कायमचे मांडलेले आहे. साईनाथांची चित्रे कारखान्यांच्या दारात, बसस्थानकांवर, गावांच्या चौकांत आणि महाविद्यालयांतही लागली. कलादालनात येणारा मनुष्य चित्र पाहावयाचे ठरवूनच येतो. बसस्थानकावरचा एस.टी.ची वाट पाहत असतो. शिवाय तो मजुरीचा आकडा खरा की खोटा हे त्याला स्वतःच्या अनुभवावरून ताडता येते. असा प्रेक्षक कोणत्याही समीक्षकापेक्षा कठोर असणार. मात्र ज्या बायकांची ही चित्रे आहेत त्यांच्यातील कित्येकींना अक्षरओळख नाही, आणि या प्रदर्शनाचा निम्मा भार मजकुरावर आहे. तेव्हा चित्राशेजारी उभे राहून मोठ्याने वाचून दाखवणारा कोणीतरी हवा. माझ्या मते तोही मांडणीचाच भाग धरला पाहिजे.