चुनखडीची फरशी : निवड आणि निगा

ग्रामीण भागात घर बांधताना शेतकरी बंधू पाया, भिंती आणि छप्पर यांचा बारकाईने विचार करतात. फरशीचा विचार मात्र शेवटी, हातचा पैसा संपत आला असताना होतो. चांगली फरशी दोन पिढ्या टिकते. पण चुकीची निवड किंवा चुकीची सफाई यामुळे ती थोड्याच दिवसांत निस्तेज आणि खडबडीत होते. म्हणून ही फरशी कशाची बनलेली आहे, हे आधी समजून घेणे जरूर आहे.

फरशी म्हणजे काय?

आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी शहाबादी फरशी कर्नाटकातील कलबुर्गी (पूर्वीचा गुलबर्गा) जिल्ह्यातून येते. तांडूरची फरशी तेलंगणातून, तर कोटा फरशी राजस्थानातून येते. या तिन्ही फरश्या चुनखडीच्या दगडाच्या आहेत. या दगडाचे थर असतात व त्या थरांवरच तो फोडता येतो, म्हणून सपाट लाद्या मिळतात.

आपल्या जमिनीत जी चुनखडी असते, तिचा आणि या दगडाचा मुख्य घटक एकच, तो म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. जमिनीत मुक्त चुना आहे की नाही हे पाहण्यासाठी मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकतात. चुना असेल तर माती फसफसते. फसफसणे म्हणजे चुनखडी विरघळून कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडणे. हीच क्रिया आम्ल पडले की फरशीवरही घडते.

खरेदी करताना

१) फरशी उभी धरून लाकडाने वाजवावी. खणखणीत आवाज आला तर ती चांगली समजावी. बद्द आवाज येत असेल तर आत चीर असण्याचा संभव असतो.

२) फरशीच्या कडेकडे नीट पाहावे. कडेला पापुद्रे सुटत असतील किंवा मातीच्या मऊ रेघा दिसत असतील, तर अशी फरशी घेऊ नये.

३) फरशीच्या पाठीवर पाण्याचे थेंब टाकून काही मिनिटे थांबावे. पाणी लगेच जिरून काळसर डाग पडला, तर ती फरशी तेल व हळदही तशीच शोषून घेईल.

४) घरात पाऊण ते एक इंच जाडी पुरते. अंगणात व धान्याची पोती आपटली जातात अशा जागी सुमारे दीड इंच जाडीची फरशी घ्यावी.

५) न्हाणीघर, मोरी व पायऱ्या यांसाठी गुळगुळीत पॉलिशची फरशी घेऊ नये. ओली झाल्यावर ती निसरडी होते व घरातील वृद्ध माणसे पडण्याचा धोका असतो. तेथे खरबरीत किंवा टाकी लावलेली फरशी वापरावी.

उदाहरणार्थ, १० × १२ फुटांच्या खोलीचे क्षेत्रफळ १२० चौरस फूट होते. तुटफूट व कापणीसाठी १० टक्के जादा धरल्यास १३२ चौरस फूट, म्हणजे २ × २ फुटांच्या ३३ फरश्या लागतील. सर्व माल एकाच वेळी घ्यावा. नंतर त्याच रंगाचा मिळेलच असे नाही.

बसविताना

जोत्याच्या भरावात काळी माती घालू नये. ही माती ओलीने फुगते, वाळली की आकसते आणि फरशी उचलली जाते. भराव मुरमाचा करावा व तो थराथराने पाणी मारून चोपावा. फरशीखाली मसाला सर्वत्र भरलेला असावा. पोकळ जागी ओझे पडले की फरशी तडकते. मोरीकडे पुरेसा उतार द्यावा. काम झाल्यावर सात दिवस ओलावा टिकवावा.

फरशीवर सांडलेले सिमेंट ओले असतानाच ओल्या पोत्याने पुसून घ्यावे. ते वाळले की सफाईसाठी ॲसिडची बाटली आणण्याचा सल्ला मिळतो. तो मानू नये.

आम्लापासून जपा

हिशेब साधा आहे. १०० ग्रॅम शुद्ध हायड्रोक्लोरिक आम्ल सुमारे १३७ ग्रॅम चुनखडी विरघळवते. शौचालय सफाईच्या ॲसिडमध्ये हेच आम्ल पाणी मिसळून असते. ते ओतल्यावर जो फेस येतो तो मळ निघाल्याचा नव्हे, फरशी झिजल्याचा असतो.

विहिरीचे पाणी जड असेल तर मोरीजवळ पांढरा थर साचतो. हा थरही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचाच असतो. त्यामुळे थर काढणारे आम्ल फरशीही काढते. असा थर साचू नये म्हणून पाणी रोज पुसून घ्यावे व साचलेला थर लाकडी पट्टीने हलकेच खरवडावा.

लिंबू, चिंच, आमसूल, ताक आणि व्हिनेगर हीदेखील आम्लेच आहेत. ती सांडल्यास लगेच पुसून पाण्याने धुवावे. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. पॉलिश करणारे कारागीर ऑक्झॅलिक आम्ल वापरतात, पण ते त्यांच्या यंत्राचे व अनुभवाचे काम आहे. घरी तो प्रयोग करू नये.

रोजची निगा

चुनखडीतील कॅल्साइट या खनिजाची कठीणता ३, तर वाळूतील गारगोटीची ७ आहे. शेतातून चपलेबरोबर आलेली वाळू फरशीला ओरखडे पाडते. म्हणून दाराशी पायपुसणे ठेवावे व आधी झाडून मगच पुसावे. पुसण्यास सौम्य साबणाचे पाणी व नंतर स्वच्छ पाणी वापरावे. चमकेसाठी तेल लावू नये. त्यावर धूळ बसते व पाय घसरतो.

तेल सांडल्यास प्रथम कोरडे पीठ टाकून टिपून घ्यावे. मग खाण्याच्या सोड्याचा पाण्यात केलेला लेप रात्रभर प्लॅस्टिकखाली झाकून ठेवावा व सकाळी धुवावे. बाजारातील सीलर डाग मुरणे लांबवतो, पण आम्लाने होणारी झीज थांबवत नाही.

पांढरे क्षार फुलल्यास

खारवट जमिनीत ओलाव्याबरोबर क्षार वर येतात, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. फरशीच्या सांध्यांतही असेच घडते. क्षार कोरड्या ब्रशने झाडावेत. वारंवार धुतल्यास ते पुन्हा आत मुरतात. खरा उपाय म्हणजे ओल कोठून येते ते शोधून ती बंद करणे. छपराचे पाणी जोत्यापासून दूर न्यावे.

खतांची पोती थेट फरशीवर रचू नयेत. सुपर फॉस्फेट आम्लधर्मी असते, तर युरिया हवेतील ओल ओढून पाझरतो. पोत्यांखाली लाकडी फळ्या घालाव्यात. त्यामुळे खतही कोरडे राहते.

फरशी आधीच निस्तेज झाली असल्यास पुन्हा यंत्राने पॉलिश करून घेता येते, कारण हा दगड पूर्ण जाडीत एकच असतो. परंतु त्यासाठी खर्च येतो. तेव्हा नवी फरशी घालणाऱ्या शेतकरी बंधू-भगिनींनी काम सुरू होण्यापूर्वीच गवंड्याला बजावून ठेवावे की, या घरात फरशी ॲसिडने धुवायची नाही. या एका सूचनेला पैसा लागत नाही आणि तिच्यामुळे फरशीचे आयुष्य निश्चित वाढते.